काचेतली सवाष्ण

आमच्या घरी नवरात्रातल्या अष्टमीला पाच सवाष्णी जेवायला असतात. बोलावणं मात्र चौघींनाच जायचं. पाचवी भिंतीवर होती.

हातभर उंचीचं ते चित्र होतं, काळ्या पडलेल्या लाकडी चौकटीतलं. खुर्चीवर बसलेली एक बाई. निळं नऊवारी लुगडं, नाकात नथ, डाव्या हातावर पोपट आणि मागे लाल पडदा. पाय काही चित्रकाराला जमले नव्हते, खुर्चीखाली दोन गाजरं लोंबल्यासारखे दिसायचे. चेहऱ्यावर मात्र त्याने फार वेळ घालवला असणार. कुठेही उभं राहिलं तरी ती आपल्या जरा बाजूला बघतेय असं वाटायचं. मला ते आवडायचं, कारण कुणी थेट माझ्याकडे बघितलं की मला काय करावं ते सुचत नाही.

ती कोण, हे कुणी सांगू शकत नव्हतं. माझी आजी सून म्हणून या घरात आली तेव्हाही ती भिंतीवर होती आणि तेव्हाही पाचवी म्हणून तिला हळदकुंकू लागत होतं. कुंकू काचेवर, कपाळाच्या जागी लावायचं. तिच्यासमोर पाट, ताट, खणानारळाची ओटी, सगळं चौघींसारखंच. सवाष्णींची जेवणं झाली की ते पाचवं ताट आत्या जेवायची.

आत्या म्हणजे पप्पांची मोठी बहीण, त्यांची जिजी. तिचं लग्न झालं नाही, त्यामुळे ती सवाष्णींच्या पंगतीत बसत नसे. पुरण वाटण्यापासून वाढण्यापर्यंत सगळं तीच करायची आणि शेवटी चित्रासमोरच्या पाटावर एकटी जेवायला बसायची. त्या ताटावर तिचा मान आहे, असं मला लहानपणी वाटायचं. तसं नव्हतं, हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

आमचं घर बुऱ्हाणपूरच्या बुधवाऱ्यात. खाली आम्ही, वर आत्याची खोली आणि गच्ची. पप्पा पहाटे जसोंडीला केळीच्या शेतावर जातात. काका इंदूरला नोकरी करतात. आत्याने तीस वर्षं मराठी शाळेत शिकवलं आणि त्याच घरातल्या मला सगळ्यांनी मिळून इंग्रजी शाळेत घातलं. मराठी वाचायला मला तिने शिकवलं, संध्याकाळी, वरच्या खोलीत, मोठ्याने. चुकलं की ती रागवायची नाही, फक्त म्हणायची, "परत वाच."

आजोबा गेल्यावर दोघा भावांनी वाटणी केली. शेत, घर, दागिने, सगळं बोलूनच झालं, कुठे आवाज चढला नाही. आत्याला काय हवं असं पप्पांनी विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "मला वर राहू द्या, आणि ती मला द्या." ती म्हणजे चित्रातली. काका हसले. म्हणाले, "ले जा जिजी, तिला कोण नेतंय." त्याच दिवशी चित्र वर गेलं. त्यानंतर अष्टमीला ते दोघी मिळून खाली आणायच्या, आत्या आणि माझी मम्मी, आणि संध्याकाळी परत वर न्यायच्या.

मी घरून काम करते. ऑनलाइन विकायच्या वस्तूंची इंग्रजी वर्णनं लिहायची, एवढंच काम. दोन वर्षांपूर्वी फोटोफ्रेमची वर्णनं लिहिताना नमुने शोधत होते आणि एका लिलावाच्या पानावर जाऊन पोहोचले. तिथे तशीच एक बाई होती. लुगडं हिरवं, पोपटाऐवजी फूल, पण तीच खुर्ची, तोच पडदा आणि तेच न जमलेले पाय. खाली विकली गेल्याची किंमत. मी ती दोनदा वाचली आणि लॅपटॉप बंद केला, कुणी बघतंय की काय अशा घाईने.

दुसऱ्या दिवशी आत्या पेन्शनच्या कामाला बँकेत गेली असताना मी वर जाऊन तीन फोटो काढले आणि मुंबईच्या त्या लिलाव करणाऱ्यांना पाठवले. तिला विचारलं नाही. आधी कळू दे, मग सांगू, असं मनाशी म्हटलं. खरं कारण त्याहून साधं होतं. आमच्या जेवणाच्या टेबलावर मी काही सांगितलं आणि सगळे ऐकत राहिले, असं कधी झालेलं नव्हतं. एकदा व्हावं असं मला वाटत होतं.

आठवड्याने मेल आली. एका जाणकार बाईंनी ती लिहिली होती, सविस्तर. मी त्यातली रक्कम तेवढी शोधून बघितली.

रविवारी दुपारी काकांचा व्हिडिओ कॉल असतो. पप्पा फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवतात आणि सगळे जेवता जेवता बोलतात. त्या रविवारी आत्याही खाली जेवायला होती. मी म्हटलं, वरच्या चित्राबद्दल मला मुंबईहून मेल आलीय. कुणी ऐकलं नाही, पप्पा चटणी मागत होते. मी परत म्हटलं, आणि या वेळी रक्कम आधी सांगितली. चांगल्या स्थितीत असेल तर चार ते पाच लाख.

फोनमधून काकांचा आवाज आला, "कितने?"

मी परत सांगितलं. काकू मागून डोकावल्या आणि म्हणाल्या, "त्या बाईचे? तिला धड पायसुद्धा नाहीत."

पप्पा आत्याकडे वळून म्हणाले, "जिजी, तू तर लखपती निघालीस." आत्या पदर तोंडाला लावून हसत होती. काकाही हसले, पण हसता हसताच म्हणाले, "जिजी अकेली कशाला, घराचं आहे ते." मम्मीने मला पूर्ण मेल वाचायला सांगितलं.

मी फोन हातात घेतला आणि पहिला परिच्छेद मराठीत सांगू लागले. चित्र कागदावर नाही, काचेवर काढलेलं आहे, ही पद्धत चीनमधून आलेल्या कारागिरांनी आपल्याकडे आणली, आता अशी चित्रं फार थोडी उरलीत. सगळे ऐकत होते. पप्पांचा घास हातात तसाच होता.

दुसऱ्या परिच्छेदावर मी अडले. त्यात लिहिलं होतं की अशा चित्रांतल्या स्त्रिया बहुधा घरंदाज कुटुंबांतल्या नसत, नाचगाणं करणाऱ्या असत, आणि ही बाईही तशीच असावी, बसण्याची ढब आणि हातावरचा पोपट त्याच प्रकारचा आहे. मी आत्याकडे बघितलं. आयुष्यभर या बाईला सवाष्ण म्हणून कुंकू लावलं, तिचं ताट जेवली, आणि आता मी काका-काकूंसमोर, भाजीच्या पातेल्यावरून, तिला हे सांगायचं? काकू काय म्हणतील ते मला आधीच ऐकू येत होतं. मी अंगठ्याने मजकूर वर सरकवला. तो सरकला तो थेट शेवटच्या परिच्छेदापर्यंत, आणि मी तो वाचला. त्या जाणकार बाई भोपाळहून मुंबईला जाताना मध्ये बुऱ्हाणपूरला उतरू शकतात, चित्र प्रत्यक्ष बघतील आणि मग पक्कं सांगतील.

आत्याचं लक्ष माझ्या अंगठ्याकडे होतं. चाळीस चाळीस मुलांवर नजर ठेवलेली बाई. तिने विचारलं, "मधे काय लिहिलंय?"

"असंच," मी म्हटलं, "टेक्निकल आहे."

मधे दोन परिच्छेद होते. त्यांतल्या पुढच्या, म्हणजे मी तेव्हा जो वाचलाच नाही त्यात, लिहिलं होतं की रंग काचेच्या मागच्या बाजूने लावलेला आहे आणि इतक्या वर्षांनी तो नुसता टेकून राहिलेला असतो. मागची फळी कृपया उघडू नका. पाण्याचा थेंबही लागू देऊ नका.

ते मी नंतर, माझ्या खोलीत, नीट वाचलं. आत्याला एकटीला गाठून दोन्ही गोष्टी सांगायच्या असं ठरवलं. बाई यायला अजून सोळा-सतरा दिवस होते. भरपूर वेळ होता.

त्या दिवसांत काकांचे फोन वाढले. एरवी रविवारी बोलणारा माणूस दिवसाआड बोलू लागला. विकायचं आणि तीन सारखे वाटे करायचे, असं त्यांचं म्हणणं. जिजीलाही बरोबरीचा, हे ते दरवेळी असं म्हणायचे की जणू मोठेपणा करतायत. वाटणीच्या वेळी किंमत कुठे माहीत होती, आता माहीत झाली तर परत बसायला नको का, असं विचारायचे. पप्पा हो म्हणत नव्हते आणि नाहीही म्हणत नव्हते. त्यांना पैसा नको होता. त्यांना धाकट्या भावाशी वाकडं घ्यायचं नव्हतं. मम्मी स्वयंपाकघरात मला म्हणायची, जिजींचं आहे ते, त्यांनाच ठरवू द्यावं. पण ते स्वयंपाकघरातच.

मला तेव्हा कळलं की मी काय केलं होतं. जोवर ती कुणालाच नको होती तोवर ती आत्याची होती. या घरातली तेवढी एकच वस्तू तिची होती, आणि तिला किंमत आणून मी ती सगळ्यांची करून ठेवली.

मी वर गेले, एकदा नाही, तीन-चारदा. एका दुपारी ती चित्रासमोर खुर्ची टाकून पेपर वाचत बसली होती. मी पलंगाच्या काठावर बसले. ती आपणहून म्हणाली, "हिला विकून मी काय करू? मला पेन्शन पुरतं. ठरवायचं तर मी ठरवीन, तुझा काका नाही." मग पेपर मिटून म्हणाली, "पण कुणी मुंबईहून उतरून हिला बघायला येतंय, हे मला बरं वाटतंय बघ."

तिचा चेहरा असा होता की मला पुढचं बोलवेना. ती बाई नाचणारी होती, हे आता कसं सांगू? उद्या सांगू. आणि काचेमागच्या रंगाचं सांगायला काहीच हरकत नव्हती, त्यात कुणाला दुखावण्यासारखं काही नव्हतं. पण माझ्या मनात त्या दोन्ही गोष्टींची एकच पुरचुंडी झाली होती. एक सोडायची तर दुसरीही सुटली असती. मेल दाखव म्हणाली असती, तिथे काय लिहिलंय म्हणाली असती. म्हणून मी दोन्ही बांधून ठेवल्या.

बाई येणार त्याच्या आदल्या संध्याकाळी आत्या खाली आली. खुशीत होती. मम्मीला म्हणाली, "मला बघायला यायचे तेव्हा आई आदल्या दिवशी तोंडाला साय चोळायची. आठ वेळा चोळली. नवव्यांदा मीच म्हटलं, दही लावू या." मम्मी खूप हसली. मग आत्याने माझ्याकडे पप्पांच्या पेटीतली पक्कड मागितली. मागची तार सैल झालीय, असं काहीसं म्हणाली. मी पक्कड काढून दिली.

त्या क्षणी मला ते वाक्य आठवलं होतं. मागची फळी उघडू नका. हे मी लिहितेय कारण नंतर मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगत राहिले की मला सुचलंच नाही. सुचलं होतं. पण मम्मी तिथे होती, पप्पा फोनवर काकांशी बोलत होते, आणि ती तारेबद्दल बोलत होती, फळीबद्दल नाही. सकाळी सांगू, असं मी म्हटलं.

सकाळी मम्मीने मला पाहुण्यांसाठी इतवारा बाजारातून खव्याची मावाजिलेबी आणायला पाठवलं. गर्दी होती, घाणा नुकता लागला होता. परत आले तेव्हा साडेनऊ झाले असतील. मम्मी म्हणाली, वर जाऊन बघ, तयारी झाली का त्यांची. जिन्यातच मला फिनेल आणि उदबत्तीचा वास आला. तिने खोली धुऊन काढली होती.

आत्या फरशीवर बसली होती. पुढ्यात वर्तमानपत्र पसरलेलं, त्यावर चौकट पालथी. मागची फळी काढून भिंतीला लावलेली आणि गंजलेले खिळे मोजून एका वाटीत ठेवलेले. तिच्या हातात मऊ जुन्या साडीचं ओलं फडकं होतं. त्यावर गुलाबी रंग होता, आणि काळा.

"अगं, हिचा रंग सुटतोय," ती म्हणाली. नवं कापड पहिल्यांदा भिजवल्यावर म्हणतात तसं म्हणाली.

मी चौकट उचलून सरळ केली. लुगडं होतं, पोपट होता, पडदा होता. मानेच्या वर, जिथे चेहरा होता, तिथे काच स्वच्छ झाली होती आणि तिच्यातून खालच्या वर्तमानपत्राची अक्षरं दिसत होती. एका कानातलं कर्णफूल तेवढं राहिलं होतं.

"आतून किती धूळ बसली होती," ती म्हणाली. "बाहेरून आपण दर दसऱ्याला पुसतो, आतून कधी कुणी पुसलंच नाही. म्हटलं, लोक बघायला येणार. आधी तोंडच घेतलं पुसायला. साबणही नाही लावला गं, नुसतं पाणी."

मी तिच्या हातातून फडकं घेतलं. ते कुठे ठेवावं ते कळेना म्हणून बराच वेळ हातातच धरून उभी राहिले.

अकरा वाजता त्या बाई आल्या. पन्नाशीच्या, बारीक कापलेले केस, खांद्याला कापडी पिशवी. मराठी कळतं पण नीट बोलता येत नाही, हे त्यांनी दारातच हसत सांगितलं. पप्पा शेतावरून लवकर आले होते. चित्र बघितल्यावर त्या हसायच्या थांबल्या. छोट्या टॉर्चने त्यांनी ते कडेकडेने बघितलं, लुगड्याची एकेक चुणी, पोपटाची चोच. खूप वेळ घेतला. मग हिंदीत म्हणाल्या की काम फार चांगलं होतं, फोटोत दिसत होतं त्यापेक्षा चांगलं, पडद्याचा लाल तर फारच सुंदर टिकलाय. पण अशा चित्रात सगळं चेहऱ्यात असतं. कुणी नवीन चेहरा काढून देईलही, पण तो काढू नका. विकायचं म्हणाल तर आता चौकटीचे आणि काचेचे जे काय येतील ते.

आत्या मान हलवत होती, प्रत्येक वाक्याला, पालकसभेत मुलाची तक्रार ऐकणाऱ्या आईसारखी.

बाई माझ्याकडे वळल्या आणि आवाज खाली घेऊन इंग्रजीत म्हणाल्या, "मी तुम्हाला लिहिलं होतं ना, मागून उघडू नका म्हणून?"

मी हो म्हटलं.

"काय म्हणतात त्या?" आत्याने मला विचारलं.

घरात इंग्रजी एवढं समजणारी मी एकटीच होते. मी म्हटलं, "म्हणतात, जुन्या चित्रांचं असं होतं कधीकधी."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. त्यांना मराठी कळत होतं. त्यांनी टॉर्च पिशवीत ठेवला. अर्धी जिलेबी खाल्ली, आत्याच्या हातावर थोपटलं आणि गाडीची वेळ झाली म्हणून उठल्या. पप्पा त्यांना स्टेशनवर सोडायला गेले. मी त्यांच्यामागे फाटकापर्यंतही गेले नाही.

दुपारी काकांचा फोन आला. पप्पांनी सांगितलं. काका म्हणाले, "म्हणजे जिजीने तिचं फेशियल करून टाकलं. वो भी पाँच लाख का."

तो विनोद त्या दिवसापासून आमच्या घराचा झाला. पुढच्या महिन्यात एका लग्नात काकूंनी तो तीन टेबलांवर सांगितला. कुणी नवी भांडी घासायला काढली की म्हणायचं, जिजींच्या हातात देऊ नका. कुणाला दुखवायचं म्हणून कुणी बोलत नव्हतं. आत्याही सगळ्यांबरोबर हसायची, आणि हसताना एक-दोनदा स्वतःच म्हणाली, "शिकलेली बाई मी, एवढं कळू नये?" वाट्यांचा विषय कुणी परत काढला नाही. चित्र आता पूर्ण तिचं होतं, आणि तिने ते चादरीत गुंडाळून कपाटामागे ठेवलं होतं. अष्टमीला मम्मीने खालच्या गल्लीतल्या एका बाईंना पाचवी म्हणून बोलावलं. आत्याने त्या वर्षी स्वयंपाकघरातच, ओट्याशी उभ्या उभ्या, खाल्लं.

ते बघूनही मी बोलले नाही. सव्वा वर्ष.

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी गच्चीवर ती उन्हात हरभऱ्याचे घाटे सोलत बसली होती. मी पण बसले. आधी काही विशेष चाललं नव्हतं. मग ती म्हणाली की डोळे तपासून घेतले पाहिजेत, त्या दिवशी नीट दिसलं असतं तर रंग सुटतोय हे पहिल्या हातालाच कळलं असतं. सहज म्हणाली. म्हणजे ती अजून शोधत होती, कुठे चुकलं ते.

मी सांगितलं. मेलमध्ये मधे काय होतं, ते टेक्निकल नव्हतं, पक्कड देताना मला आठवलं होतं, त्या बाई काय म्हणाल्या होत्या आणि मी तिला काय सांगितलं. एका दमात सांगितलं, तिच्याकडे न बघता.

तिने हात पदराला पुसले. म्हणाली, "ती मेल आहे का तुझ्याकडे अजून? वाच. सगळी. काही गाळू नको."

मी फोन उघडला आणि पहिल्या ओळीपासून मराठी करत गेले. नाचणाऱ्या बायकांशी येऊन थांबले. मी कसंबसं ते वाक्य पूर्ण केलं.

"ते मला ठाऊक आहे," आत्या म्हणाली.

मी वर बघितलं.

"आईने सांगितलं होतं. ते नववं स्थळ नाही म्हणून गेलं त्या दिवशी. मी जेवत नव्हते. आई म्हणाली, ती भिंतीवरची बघ, तिचं तरी कुठे लग्न झालं होतं, पण या घरात तिला कुणी पंगतीतून उठवलंय का? तिचं ताट तू जेवायचं." तिने एक घाटा उचलला, सोलला. "आईला तिच्या सासूने सांगितलं होतं. बायकांना माहीत होतं. पुरुषांना कशाला सांगायचं?"

म्हणजे जी गोष्ट तिला कळू नये म्हणून मी सोळा दिवस गप्प राहिले, ती तिला माझ्या जन्माच्या आधीपासून माहीत होती. त्या गोष्टीमुळेच तर आत्याला ती चित्रातली हवी होती.

"पुढे वाच," ती म्हणाली.

मी पुढचा परिच्छेद वाचला. रंग मागच्या बाजूने आहे. नुसता टेकून आहे. फळी उघडू नका. पाण्याचा थेंबही.

"परत वाच."

मी परत वाचलं.

ती टोपलीतले दाणे बोटाने सारखे करत राहिली. मग म्हणाली, "तुझ्या काकाला सांगशील?"

मी हो म्हटलं. संध्याकाळी तिच्याच खोलीत बसून फोन लावला आणि स्पीकर सुरू केला, तिला ऐकू यावं म्हणून. मी काकांना सगळं सांगितलं. गच्चीवर सांगितलं होतं तितकं नीट नाही, अडखळत, अर्धं हिंदीत. मेलमध्ये लिहिलं होतं, मी वाचून दाखवलं नाही, आत्याला माहीतच नव्हतं, तिची चूक नाही, माझी आहे.

काकांनी मध्ये तोडलं नाही. शेवटी म्हणाले, "बेटा, तू फार गुणी आहेस. जिजीला वाचवायला बघतेस, समझता हूँ मैं. पण आता कोण बोलतंय तिला? मजाक आहे तो आपल्या घरातला. जाने दे."

मी म्हटलं, "काका, खरंच मेल आहे. पाठवते तुम्हाला."

"हाँ हाँ, भेज दे," ते म्हणाले, आणि पप्पांच्या केळीला या वर्षी काय भाव मिळतोय ते विचारू लागले.

मी मेल त्यांना व्हॉट्सॲपवर पाठवली. लांबलचक, इंग्रजी. पाच सेकंदांत त्यांचा अंगठा आला. एवढ्या वेळात ती कुणाच्यानेही वाचून होत नाही.

आत्याने ते बघितलं. म्हणाली, "त्या रविवारी तू किंमत सांगत होतीस तेव्हा सगळे ऐकत होते गं."

मग तिने माझ्या हातातून फोन घेतला, पलंगावर उपडा ठेवला आणि खाली मम्मीला पोळ्या लाटायला मदत करायला गेली. मी तिच्या खोलीत एकटीच बसून राहिले. चादरीतलं चित्र कपाटामागून थोडंसं पुढे आलं होतं. ते मागे सरकवावं असं मला वाटलं, पण हात लावायची हिंमत झाली नाही.